प्रोजेक्ट झोंबॉइड : दरवेळी पहिल्या-दुसऱ्या दिवशीच मरताय? आधी दम तपासा

"मामा, परत मेलो."

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा हा मेसेज मला आठवड्यातून तीन-चारदा यायचा. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप रात्री प्रोजेक्ट झोंबॉइड या झोंबींपासून जीव वाचवायच्या कॉम्प्युटर गेमच्या एका सर्व्हरवर खेळतो आणि तो त्यात नुकताच आला होता. कॅरेक्टर बनवायचं, पहिली दोन घरं नीट धुंडाळायची, तिसऱ्या घराच्या आसपास मरायचं आणि पुन्हा नवीन कॅरेक्टर बनवायचं. त्याच्याआधी आलेल्या दोघांचंही हेच झालं होतं. त्यातला एक तर कंटाळून गेम काढून मोकळा झाला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्याचा प्रश्न सुटण्यासारखा होता.

द इंडी स्टोन या छोट्या स्टुडिओचा हा गेम २०१३ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला. बिल्ड ४१ (बिल्ड म्हणजे गेमची आवृत्ती) आणि त्यातलं मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायची सोय, डिसेंबर २०२१ मध्ये आलं. गोष्ट घडते जुलै १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. नॉक्स काउंटीत रोगाची साथ पसरली आहे, लष्कराने भाग बंद केला आहे आणि तुम्ही आत अडकला आहात. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं उमटतात की ही तुमच्या मरणाची गोष्ट आहे. मरण कधीतरी येणारच. पण तिसऱ्या घरातलं मरण टाळता येतं. ते टाळलं की पुढे शेती आहे, मासेमारी आहे, सुतारकाम आहे, गाड्यांची दुरुस्ती आहे, थंडीची बेगमी आहे. हे सगळं न बघताच लोक गेम सोडतात.

खालचे आकडे आणि सवयी बिल्ड ४१ आणि मूळ सेटिंग धरून लिहिल्या आहेत. सर्व्हर चालवणारा माणूस यातलं जवळजवळ सगळं बदलू शकतो. म्हणून कुठल्याही सर्व्हरवर पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: झोंबी चालणारे आहेत की पळणारे, आणि त्यांची संख्या किती ठेवली आहे? पळणारे असतील तर नवख्याने तिथे जाऊच नये. आधी दुसरीकडे शिकून घ्यावं.

मेलात कशाने, ते आधी शोधा

नवीन माणसाला विचारलं की तो म्हणतो, "झोंबी खूप आले." हे उत्तर घेऊन पुढे जाता येत नाही. पडद्याच्या उजव्या बाजूला वर छोटी चिन्हं येतात, त्यांना मूडल म्हणतात. भूक, तहान, घबराट, दम, ओझं, वेदना, आजार असं प्रत्येकाचं वेगळं मूडल असतं आणि त्रास वाढत जातो तसं ते गडद होतं. प्रत्येकाच्या चार पायऱ्या असतात. माउस त्यावर नेला की काय होतंय ते लिहून येतं. मरण्याआधीच्या दोन मिनिटांत तिथे काय दिसत होतं, हा खरा पुरावा.

मी भाच्याला एक वही करायला लावली. प्रत्येक मरणानंतर तीनच गोष्टी लिहायच्या: कुठे मेलो, तेव्हा कुठली मूडल होती, अंगावर किती ओझं होतं. पाच मरणं झाली, आणि पाचही नोंदींत दम लागल्याचं मूडल होतं. मग मी माझ्या जुन्या आठवणी चाळल्या आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही विचारलं. बहुतेक ठिकाणी तेच निघालं. झोंबी शेवटचा चावा घेतो हे खरं, पण त्याच्या हाती सापडतो तो आधीच धापा टाकणारा माणूस.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो आणि काही न बोलता बघत राहिलो. गेममधलं गाव रोझवुड. स्वयंपाकघरात फ्राइंग पॅन मिळाला, तो हातात घेतला. दारात तीन झोंबी आले, एकेकाला तीन-चार फटक्यांत आडवं केलं. उत्तम. मग त्याने घर लुटायला घेतलं आणि जे दिसेल ते उचललं: दोन पातेली, हातोडी, पुस्तकांचा गठ्ठा, डब्यांचं अन्न, एक रेडिओ. ओझ्याचं मूडल आलं, त्याने बघितलं नाही. बाहेर पडला तर रस्त्यावर चार झोंबी. शिफ्ट दाबून पळाला. मागच्या परसात गेला, कुंपणावरून उडी, पुढचं परस, पुन्हा कुंपण. दम लागल्याचं मूडल आलं, गडद झालं. वळून बघितलं तर चौघेही संथपणे येतच होते. आता मारायलाच हवेत म्हणून थांबला. पहिल्याला फटका मारला, तो हलला नाही. दुसरा, तिसरा... मी मोजत होतो. आठव्या फटक्याला पहिला पडला आणि तोवर दुसऱ्याने मानेला चावा घेतला होता.

"मामा, झोंबी जास्त होते," तो म्हणाला.

"मघाशी एकेकाला किती फटके लागले?"

"तीन-चार."

"आणि आता?"

तो गप्प झाला. पॅन तोच होता, झोंबीही तसेच होते.

आत नेमकं काय होतं ते सांगतो. दम लागल्याच्या पहिल्याच पायरीवर फटक्याचा जोर जवळपास निम्म्यावर येतो आणि पुढच्या पायऱ्यांना तो नावापुरता उरतो. चालही मंदावते. घाबरल्याचं मूडल सोबत असेल तर नेम आणखी बिघडतो. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला लढणं भाग पडतं, त्याच क्षणी तुमच्या हातात बळ नसतं. नवीन खेळाडूला हे कळत नाही, कारण पडद्यावर पॅन तितक्याच वेगाने फिरल्यासारखा वाटतो.

उपाय: पळू नका, चाला

मूळ सेटिंगमधले झोंबी पाय ओढत चालतात. तुमची साधी चाल त्यांच्याहून किंचित जास्त असते. ओझं आणि जखमा नसतील तर निव्वळ चालत तुम्ही कुठल्याही घोळक्यापासून लांब जाऊ शकता. हे पटायला वेळ लागतो, कारण मागे चौघे दिसले की बोट आपोआप शिफ्टवर जातं. पहिल्या आठवड्यापुरतं पळणं बंद ठेवा. पळायची वेळ एकच: झोंबी हाताच्या अंतरावर आलाय आणि तुम्हाला पाच-सहा पावलांचं अंतर हवंय. ते मिळालं की लगेच पुन्हा चाल.

दम लागल्याचं मूडल दिसताच लढाई थांबवायची. "एकच उरलाय, त्याला मारून घेतो" हा मोह सर्वात वाईट. चालत लांब जा, एका कोपऱ्याला वळा, दुसऱ्याला वळा, त्यांची नजर तुटू द्या. मग एखाद्या खोलीचं दार लावून जमिनीवर बसा. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दम लवकर भरून येतो. मूडल पूर्ण गेल्याशिवाय उठू नका. हा वेळ वाया जात नाही. आमच्यातला सगळ्यात जास्त टिकलेला खेळाडू सर्वात जास्त वेळ बसलेला असतो.

लढायचं कसं, तेही इथेच सांगतो. कंट्रोल किंवा माउसचं उजवं बटण धरून पवित्रा घ्यायचा आणि झोंबी जवळ येईपर्यंत थांबायचं. तो हात पुढे करतो त्याच्या जरा आधी फटका. लागला की एक पाऊल मागे. पुन्हा फटका, पुन्हा मागे. मूळ सेटिंगमध्ये एका फटक्यात एकालाच मार बसतो, म्हणून दोन झोंबी शेजारी-शेजारी असतील तर एकाला मारताना दुसरा मोकळा असतो. अशा वेळी स्पेसबार. धक्क्याने झोंबी मागे जातो, कधी पडतो. पडला की डोक्यावर फटका किंवा लाथ. पायात बूट असतील तर लाथेचा जोर वाढतो, म्हणून मेलेल्या झोंबीच्या पायातले चांगले बूट घ्यायला लाजू नका.

एकाच वेळी दोनपेक्षा जास्त झोंबी असतील तर नवख्याने लढू नये. चौघांचे दोन-दोन करावेत. घराच्या भोवती चक्कर मारली की ते आपोआप लांबतात, कारण सगळ्यांची चाल सारखी नसते आणि काही मध्येच अडकतात. क्यू बटणाने कॅरेक्टर हाक मारतं. वाकून चालताना तेच बटण दाबलं तर आवाज हळू येतो. त्या हळू हाकेने घोळक्याच्या कडेचा एखादाच झोंबी तुमच्याकडे वळवता येतो. यात मजा आहे. एकदा हात बसला की रस्त्यावरचे दहा जण तुम्ही अर्ध्या तासात एकेक करून कमी करता आणि अंगावर ओरखडाही येत नाही.

आणि कुंपण. कमरेइतक्या उंचीचं कुंपण हे नवीन माणसाचं सर्वात भरवशाचं हत्यार आहे. तुम्ही ई दाबून पलीकडे उतरा, पण पळत येऊन उडी नको, पाय अडकून पडता. पलीकडे गेल्यावर कुंपणाला चिकटून उभं राहू नका. झोंबी कुंपणावरून झेपावतो तेव्हा जवळचा माणूस सापडतो. दोन पावलं मागे राहा. तो ओलांडताना तोंडावर आपटतो आणि उठायला वेळ घेतो. तेवढ्यात डोक्यावर दोन फटके. पुढचा येतो, तोही आपटतो. भाच्याला मी त्या दिवशी एकाच परसात हे पंधरा मिनिटं करायला लावलं. शेवटी त्या कुंपणापाशी अकरा झोंबी पडले होते आणि दम लागल्याचं मूडल फक्त दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा तो मागे जाऊन बसला.

ओझं

दम लवकर लागण्याचं दुसरं कारण पाठीवर असतं. पहिल्या दिवशी तुम्हाला लागतं ते इतकंच: एक मारायचं हत्यार आणि एक जादा, पाण्याची बाटली, दोन-तीन डबे आणि ते उघडायला कॅन ओपनर, फाडलेल्या कापडाच्या चार पट्ट्या. बाकी सगळं घरात एका कपाटात ठेवून या, कपाट कुठे जात नाही. बॅग मिळाली तर ती पाठीवर चढवा, कारण पाठीवरच्या बॅगेतल्या वस्तूंचं ओझं कमी धरलं जातं. तीच बॅग नुसती सामानात ठेवली तर काही उपयोग नाही. ओझ्याचं मूडल दिसत असताना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या ग्रुपचा नियम आहे आणि मी तो जुन्या खेळाडूंनाही पाळायला लावतो.

हत्यारात पहिली पसंती पहारीला, म्हणजे क्रोबारला. लवकर मोडत नाही. बेसबॉल बॅटही चांगली. स्वयंपाकघरातली सुरी धारदार दिसते, पण ती फार जवळ जाऊन वापरावी लागते आणि पटकन निकामी होते. बंदूक सापडली तर जपून ठेवा आणि वापरू नका. नेमबाजीचं कौशल्य शून्य असताना निम्म्या गोळ्या वाया जातात आणि आवाज सगळ्या वस्तीला ऐकू जातो.

घरात शिरताना चावलं गेलं

दुसऱ्या नंबरचं मरण हे. यात दम लागलेला नसतो, माणूस बेसावध असतो.

घरात शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा, खिडक्यांतून आत बघा. दार उघडलं की तिथेच थांबा, आत जाऊ नका. हळू हाक मारा. कोणी असेल तर येईल आणि तुम्हाला अंगणातली मोकळी जागा मिळेल. आतली बंद दारं, विशेषतः न्हाणीघराचं, उघडताना दारातून मागे सरकायला जागा आहे ना हे बघा. ग्रुपमधल्या एकाचा दीड महिना जगलेला सुतार न्हाणीघराचं दार उघडताना गेला. तो टॉवेल शोधत होता.

खिडकी आधी ई दाबून उघडते का बघा. फोडावीच लागली तर आवाज होतो हे एक, आणि चौकटीत काचा राहतात हे दुसरं. त्या काचा तशाच ठेवून आत चढलात तर खोल जखम होते. हातात हत्यार असताना चौकटीवर उजवं क्लिक करून काचा काढून टाका. रिकाम्या हाताने त्या काढता येत नाहीत. काही घरांत अलार्म असतो. तो वाजला तर काहीही न उचलता निघा. मला माहीत आहे, फ्रीज भरलेला दिसतो. तरीही निघा.

रात्री राहायचं घर निवडलं की खिडक्यांना पडदे ओढा. पडदे नसतील तर चादर लावता येते. दिवे बंद. वरचा मजला असेल तर तिथे राहा आणि खिडकीतून चादरीचा दोर सोडून ठेवा, म्हणजे जिना अडला तरी उतरायला वाट राहते.

जखम झाली, आता संपलं का?

याबाबतीत इतका गोंधळ आहे की लोक बरे होऊ शकणारं कॅरेक्टर स्वतःच सोडून देतात.

झोंबीमुळे तीन प्रकारच्या जखमा होतात. ओरखडा असेल तर रोग लागण्याची शक्यता ७ टक्के. खोल फाटलेलं असेल तर २५ टक्के. चावा असेल तर १०० टक्के, आणि मूळ सेटिंगमध्ये त्यावर औषध नाही. दोन-तीन दिवसांत कॅरेक्टर जातं. म्हणजे ओरखड्यावर रडायचं कारण नाही. शंभरातले त्र्याण्णव ओरखडे नुसतेच ओरखडे असतात. आरोग्याच्या पानावर जखम कुठली आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे बघा.

आता दुसरा घोळ. त्याच पानावर कधी जखम चिघळल्याचं लिहून येतं. हा संसर्ग वेगळा. घाणेरडी पट्टी तशीच राहिल्याने साधी जखम चिघळते, त्याचा झोंबीच्या रोगाशी काहीही संबंध नाही. पट्टी सोडा, जंतुनाशक लावा, स्वच्छ पट्टी बांधा, रोज बघा. बरी होते.

तिसरा घोळ मळमळीचा. मळमळल्याचं मूडल आलं की नवीन माणूस धरून चालतो की रोग लागला. पण शिळं-सडकं खाल्ल्याने मळमळतं, आणि प्रेतांच्या ढिगाशेजारी राहिल्यानेही मळमळतं. कुंपणापाशी अकरा झोंबी पाडल्यावर भाच्याला नेमकं हेच झालं. तो त्याच घरात झोपायला गेला होता. घर बदललं, मूडल गेलं. अंगावर झोंबीची जखमच नसेल तर रोगाचा प्रश्नच येत नाही. जखम आहे, प्रेतं लांब आहेत, खाणं ताजं आहे, आणि तरी मळमळ वाढत जाऊन ताप चढतोय, तेव्हा मात्र समजायचं. तेव्हा सामान बेसवर, म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी, ठेवून जोडीदाराला सांगून लांब जावं.

कपड्यांकडे दुर्लक्ष करू नका. लेदर जॅकेट, जीन्स, बूट, हातमोजे यांनी चावा आणि ओरखडा अडू शकतो. उन्हात लेदर घालून लढलात तर तापून तहान आणि थकवा वाढतो, तेवढं सांभाळा.

ऑनलाइन खेळताना वेगळं काय

एकट्याने खेळताना वेळ थांबवता येतो. सर्व्हरवर थांबत नाही. तुम्ही बॅग उघडून वस्तू लावत बसलात, नकाशा बघितला, फोन घ्यायला उठलात, तरी झोंबी चालतच असतात. आई जेवायला बोलावते तेव्हा "आलो" म्हणून कॅरेक्टर रस्त्यात उभं ठेवू नका. खोलीत जा, दार लावा आणि सरळ बाहेर पडा.

जुन्या सर्व्हरवर नवीन माणसाला अजून एक धक्का बसतो. मूळ सेटिंगमध्ये वीज आणि पाणी पहिल्या ३० दिवसांत कधीतरी बंद होतं. सर्व्हर तीन महिने चाललेला असेल तर तुमच्यासाठी पहिला दिवस असला तरी नळ कोरडे असतात आणि फ्रीजमधलं सडलेलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत टीव्हीवर स्वयंपाक, सुतारकाम आणि रानात जगण्याचे कार्यक्रम लागतात, ते बघून कौशल्य वाढतं. तेही संपलेले असतात. जवळची घरं आधीच कोणीतरी रिकामी केलेली. अशा ठिकाणी नवख्याने एकटं उतरू नये. ताजा सर्व्हर शोधा किंवा आधीपासून असलेल्या कोणाच्या तरी बेसवर जा. ताजा सर्व्हर मिळाला तर पहिल्याच दिवशी घरातलं प्रत्येक भांडं आणि बाटली भरून ठेवा. पुढे पावसाचं पाणी साठवता येतं, पण ते आणि नदीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

गाव निवडायला मिळत असेल तर रोझवुड किंवा रिव्हरसाइड घ्या. मल्ड्रॉ आणि वेस्ट पॉइंटला झोंबी बरेच जास्त असतात. लुइव्हिल या मोठ्या शहराकडे पहिल्या महिन्यात बघूही नका. कॅरेक्टर बनवताना पेशात फायर ऑफिसर घेतलात तर ताकद, दमसास आणि कुऱ्हाडीचा हात थोडा जास्त मिळतो. या सगळ्या लेखाचा रोख बघता ते का सांगतोय हे कळलं असेल. तिथे जादा गुण (पॉइंट) मिळवण्यासाठी अशक्त किंवा अनफिट असं काही पदरात घेऊ नका. तिथे मिळवलेले गुण कुंपणापाशी महागात पडतात.

पिंगचं, म्हणजे तुमच्या मशीनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचं, बोलायलाच हवं. भारतातून युरोप-अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळताना झोंबी दिसतो तिथे असतोच असं नाही. तुम्हाला तो दोन पावलं लांब दिसतो आणि चावा लागतो. सर्व्हरच्या यादीत पिंग लिहिलेला असतो, कमी असेल तोच घ्या. जमत असेल तर ग्रुपमधल्या एकाने स्वतःच्या मशीनवर सर्व्हर चालवावा आणि त्याने वायफायऐवजी केबल लावावी. पिंग जास्तच असेल तर वर सांगितलेलं मागचं एक पाऊल दोन करा आणि फटका थोडा आधी मारा.

आठवडाभर टिकलात तर हेलिकॉप्टर येण्याची शक्यता असते. ते डोक्यावर घिरट्या घालतं आणि त्याच्या आवाजाने झोंबी गोळा होतात. आवाज आला की आत जा, पडदे ओढा, ते जाईपर्यंत बाहेर पडू नका. आणि जनरेटर मिळालाच तर तो घरात लावू नका. धुराने माणूस मरतो, आमचे दोघे एकाच रात्री असे गेले.

मेल्यावर लगेच तिकडे जाऊ नका

एक मरण दुसऱ्या मरणाला ओढून आणतं, ते इथे. नवीन कॅरेक्टर तयार होतं आणि पहिला विचार येतो तो जुन्या बॅगेचा. तिच्यात सगळं असतं. म्हणून माणूस हत्यार न घेता, पळत, थेट त्याच जागी जातो, जिथे त्याला मारणारे झोंबी अजून उभे असतात. पोचेपर्यंत दम गेलेला असतो. भाच्याच्या वहीतली दुसरी, तिसरी आणि पाचवी नोंद अशीच होती.

रोग लागून मेला असाल तर तुमचं जुनं कॅरेक्टर स्वतः झोंबी होऊन उठतं. कपडे तुमचेच, बॅगही पाठीवर तशीच, आणि ते मेल्या जागी थांबत नाही, फिरत राहतं.

डिसेंबरात भाच्याचं एकोणीस दिवस जगलेलं कॅरेक्टर गेलं. मल्ड्रॉच्या गोदामांपाशी गर्दीत सापडलं. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "मामा, मेलो. बॅग तिकडेच आहे. पण जात नाहीये आत्ता." नवीन कॅरेक्टर घेऊन तो रोझवुडला आमच्या बेसवर आला, आधी हत्यार शोधलं, बूट शोधले. गेममधले दोन दिवस गेल्यावर आम्ही तिघं गाडीने गेलो, गाव यायच्या आधीच गाडी थांबवून पुढे चालत. त्याचं जुनं कॅरेक्टर गोदामाच्या मागच्या कुंपणापाशी फिरत होतं, पाठीवर निळी बॅग. भाचा कुंपणाच्या अलीकडे दोन पावलं मागे उभा राहिला आणि त्याने हळू हाक मारली. बॅगेत खिळ्यांचे चार डबे, करवत आणि जनरेटर चालवायला शिकवणारं मासिक होतं. ते मासिक आम्ही तीन आठवडे शोधत होतो.